जुन्या कटच्या हिऱ्याची अंगठी : ९,२०० डॉलर रास्त आहेत का, कसं ठरवायचं?

एडिसनकर

साखरपुड्यासाठी अंगठी घ्यायची आहे. नव्या गोल हिऱ्याची बारीक चकमक दोघांनाही नको, जुना ओल्ड युरोपियन कट (शंभरेक वर्षांपूर्वीचा गोल घाट) हवा. मॅनहॅटनच्या ४७व्या रस्त्यावरच्या एका दुकानात एक अंगठी पसंत पडली आहे.

हिरा १.३१ कॅरट, के रंग (किंचित पिवळसर), शुद्धता व्हीएस२ (बारीक डाग), फ्लुओरेसन्स (यूव्ही उजेडात चमकणं) नाही. मापं ६.८८–६.९७ × ४.४२ मिमी, टेबल (वरचा सपाट पैलू) व्यासाच्या ५० टक्के, खोली ६३.८ टक्के, गर्डल (कमरेची कड) 'थिन टू थिक', क्युलेट (तळाच्या टोकाचा पैलू) 'लार्ज'. जीआयए या हिरे तपासणाऱ्या लॅबचा रिपोर्ट २०१६चा. अंगठी प्लॅटिनमची, साधारण १९२०ची म्हणतात, हिऱ्यांसकट वजन ३.८ ग्रॅम. खांद्यांवर आठ बारीक सिंगल कट (मोजक्या पैलूंचे) हिरे आहेत, मिळून ०.२० कॅरट. आतल्या बाजूला '१०% इरिड प्लॅट' असा शिक्का.

मागताहेत ९,२०० डॉलर, टॅक्स वेगळा. सोबत १४,५०० चं अप्रेझल (किमतीचा दाखला) देताहेत आणि "म्हणजे तुमचा पाच हजारांचा फायदाच" असं सांगताहेत.

ऑनलाइन शोधलं तर नव्या गोल हिऱ्याचा भाव (के, व्हीएस२, एक ते दीड कॅरटमधला) कॅरटला ३,३०० ते ३,७०० दिसतो. जीआयए रिपोर्ट असलेले ओल्ड युरोपियन, सुटे, साधारण याच रंगाचे-वजनाचे सात सापडले. कॅरटला भाव असे : ४,३००, ४,५५०, ४,८००, ५,०००, ५,१५०, ५,६००, ५,९००. एवढा फरक का, आणि यातला कुठला आकडा धरायचा?

---

भिंगातून

तुम्ही निम्मं काम करूनच आलात, बरं झालं. आता अंगठीचे तीन तुकडे करा : मधला हिरा, धातू आणि घडणावळ. ९,२०० ला १.३१ ने भागून "कॅरटला सात हजार" असा हिशेब करू नका, त्यातून काहीच कळत नाही.

आधी हिरा. याला एक तळ असतो आणि एक माथा.

तळ म्हणजे हा दगड नव्या कटमध्ये पुन्हा घासला तर काय उरेल. जुन्या कटचा क्राउन (गर्डलच्या वरचा भाग) उंच असतो, टेबल लहान. नव्या प्रमाणात आणायचं तर डोक्यावरचा बराच भाग जातो आणि गर्डल सरळ करताना व्यासही थोडा जातो. गोल हिऱ्याचं वजन काढायचं ढोबळ सूत्र : सरासरी व्यासाचा वर्ग × खोली × ०.००६१. तुमच्या दगडाला लावा. ६.९२५ × ६.९२५ × ४.४२ × ०.००६१ = १.२९. रिपोर्टवर १.३१ आहे, जाडसर गर्डलमुळे तेवढा फरक पडतो, म्हणजे मापं जुळतात. आता घासून व्यास ६.७ आणि खोली ६१ टक्के, म्हणजे ४.०९ मिमी उरली असं धरा. वजन येतं १.१२. कामात थोडं इकडेतिकडे होतं म्हणून १.१० म्हणा. तुमच्याच आकड्यांतला मधला भाव ३,५०० घेतला तर ३,८५० डॉलर. घासण्याची मजुरी त्यातून वजा.

माथा म्हणजे तसाच, न घासलेला ओल्ड युरोपियन सुटा कितीला मिळतो. तुमच्या सातांतला मधला आकडा ५,०००. गुणिले १.३१, म्हणजे ६,५५०. सरासरी काढू नका, एखादा हावरट भाव तिला ओढून नेतो. आणि हे सगळे मागितलेले भाव आहेत, झालेल्या सौद्यांचे नव्हेत. बँक वायरने पैसे दिले तर बरेच व्यापारी त्यातून दोन-तीन टक्के सोडतात.

तुलनेचे दगड निवडताना दोन पथ्यं पाळा. वजनाचा टप्पा एकच हवा : रॅपापोर्ट या व्यापाऱ्यांच्या भावयादीत १.०० ते १.४९ हा एक टप्पा आहे, दीड कॅरटला भाव एकदम उडी घेतो, त्यामुळे १.५२ चा दगड तुलनेत घेतलात की हिशेब बिघडला. दुसरं, रंग फक्त के. जे आणि एल घेतले असतील तर एकाला खाली, एकाला वर सरकवा. रॅपापोर्टची यादी थेट लावायचा मात्र मोह नको. ती नव्या गोल कटसाठी आहे, जुन्या कटसाठी वेगळी यादी निघत नाही. म्हणूनच दोन दुकानांत एवढा फरक पडतो.

धातू : ३.८ ग्रॅममधून हिरे काढा. दीड कॅरट म्हणजे ०.३ ग्रॅम. उरले ३.५, त्यात ९० टक्के प्लॅटिनम, १० टक्के इरिडियम. शुद्ध प्लॅटिनम ३.१५ ग्रॅम, म्हणजे औंसाचा दहावा हिस्सा. औंसाला हजार धरलेत तर शंभर डॉलर, दोन हजार धरलेत तर दोनशे. बारीक हिऱ्यांचेही फार होत नाहीत. म्हणजे ९,२०० वजा ६,५५० हे जे २,६५० उरतात, ते जवळपास सगळे घडणावळीचे आणि जुनेपणाचे मागताहेत.

ते जास्त आहेत की नाहीत, हे बघायला त्याच काळातली, मधला दगड काढलेली रिकामी अंगठी शोधा. व्यापारात तिला 'सेमी-माउंट' म्हणतात. समजा तशी १,२०० ते १,५०० ला मिळतेय, तर एकूण आकडा आठ हजारांच्या आसपास यायला हवा.

अप्रेझलचा कागद बाजूला ठेवा. विम्यासाठी काढलेली ती बदली-किंमत असते, आणि विकणाऱ्यानेच दिलेली असली तर फुगवलेलीच समजा. फायदा-बियदा काही नाही त्यात.

---

खडीसाखर

वरचा हिशेब नीट आहे, पण 'तळा'वर माझा आक्षेप आहे. चांगल्या घडणीचा ओल्ड युरोपियन आज कुणी शहाणा माणूस पुन्हा घासायला टाकत नाही. जसाच्या तसा जास्त भाव मिळत असताना १५ टक्के वजन कशाला घालवेल? तो तळ टवके उडालेल्या, वेड्यावाकड्या, मध्ये मेलेल्या दगडांना लागू होतो. तेव्हा खरा प्रश्न असा, की तुमचा दगड सातांतल्या ४,३०० च्या बाजूचा की ५,९०० च्या. आणि ते रिपोर्टवरून कळत नाही. जीआयए जुन्या कटला 'ओल्ड युरोपियन ब्रिलियंट' एवढं नाव देते, कट ग्रेड देत नाही. तीच सगळ्यात मोठी गोम आहे. सारखाच रंग, सारखीच शुद्धता, आणि दोन दगडांच्या दिसण्यात जमीन-अस्मानाचा फरक.

नाव देण्याचे निकष ठरलेले आहेत : टेबल ५३ टक्के किंवा कमी, क्राउनचा कोन ४० अंश किंवा जास्त, खालच्या अर्ध-पैलूंची लांबी ६० टक्के किंवा कमी, क्युलेट 'मीडियम' किंवा मोठा. चारांतले तीन बसले की नाव मिळालं. पण या चारांत पॅव्हिलियनचा (गर्डलच्या खालच्या भागाचा) कोन कुठेच नाही, आणि उजेड परत फेकायचं मुख्य काम पॅव्हिलियनच करतो. पॅव्हिलियन उथळ असेल तर टेबलाखाली राखाडी कडं दिसतं, त्याला फिशआय म्हणतात. फार खोल असेल तर मधोमध काळं पडतं.

काय बघायचं सांगतो. दुकानातल्या स्पॉटलाइटखाली काचही चमकते, तेव्हा अंगठी दुकानाच्या दारापाशी, उघड्या आभाळाच्या उजेडात न्या. ऊन नको. सरळ वरून बघा. काळ्या-पांढऱ्या जाड पाकळ्या एकाआड एक दिसल्या पाहिजेत, फुलासारख्या, मध्ये क्युलेटचा छोटा गोल. आता हळूच पाच-दहा अंश तिरकी करा. काळ्याची पांढरी, पांढऱ्याची काळी अशी पाकळ्यांची अदलाबदल झाली तर दगड जिवंत आहे. एखादी बाजू तिरकी करूनही विझलेलीच राहिली, किंवा मधला भाग पारदर्शक होऊन खालचं बोट दिसायला लागलं, तर तो ४,३०० वाला.

तुमचा दगड खोलीला ६३.८ टक्के, म्हणजे या जातीला ठीकच. वरून तो नव्या कटच्या १.२३ कॅरटएवढा दिसेल. उरलेलं वजन डोक्यात आहे, आणि जुन्या कटमध्ये ते डोकंच तर आपण विकत घेतो, त्यामुळे त्याची तक्रार नको. पण ६८-७० टक्क्यांचे दगडही याच भावात खपवतात, तिथे मात्र कापून मागायचं.

---

एडिसनकर

दोघांचेही आभार. शनिवारी पुन्हा जातोय. दुकानात अर्धा-पाऊण तास मिळेल. लूप आणि छोटा यूव्ही टॉर्च घेतला आहे. भिंगाखाली नक्की काय बघू? आणि एका मित्राचं म्हणणं, मुंबईहून मागव, निम्म्यात पडेल. खरं का?

---

गर्डलघाशी

दुकानात या क्रमाने जा, वेळ पुरेल.

आधी हा तोच दगड आहे का. रिपोर्ट २०१६चा, तेव्हा हिरा सुटा होता, कारण जीआयए कोंदणातला हिरा ग्रेड करतच नाही. मधल्या वर्षांत अंगठीत दुसरा दगड बसवला नसेल कशावरून? दुकानदाराकडे लेव्हरिज गेज असेल, त्याने कोंदणातच व्यास दोन-तीन ठिकाणी मोजून घ्या. ६.८८ ते ६.९७ च्या मध्येच यायला हवा. खालून जागा असेल तर खोलीही. मग रिपोर्टवर डागांचा नकाशा असेल तर त्यातला सगळ्यात मोठा डाग दहापट लूपमधून शोधा, कुठल्या पैलूखाली आहे ते जुळवा. मग यूव्ही टॉर्च : रिपोर्ट म्हणतो फ्लुओरेसन्स नाही. दगड निळाशार पेटला तर तिथेच नमस्कार करून बाहेर पडा.

मग गर्डल. जुन्या दगडाचा गर्डल घासलेल्या काचेसारखा, पिठूळ पांढरा असतो. आरशासारखा गुळगुळीत किंवा बारीक पैलू पाडलेला गर्डल दिसला तर दगड नव्याने कापलेला आहे किंवा नंतर दुरुस्त केलेला आहे. ओल्ड युरोपियन घाटाचे नवे हिरे हल्ली कापले जातात, नैसर्गिकही आणि लॅबमधलेही. दिसायला छान असतात, फक्त त्यांना जुन्याचा भाव द्यायचा नसतो. जुन्या दगडाच्या पैलूंच्या कडा शंभर वर्षांच्या वापराने किंचित घासलेल्या असतात, लूपमधून पेन्सिलची रेघ खोडल्यासारख्या धूसर दिसतात. अजिबात न घासलेल्या, धारदार कडा आणि हुबेहूब एकसारखे पैलू असतील तर शंका घ्या.

टवके. हे सर्वांत महत्त्वाचं, आणि इथे भाव पाडता येतो. तुमचा गर्डल 'थिन टू थिक' आहे, म्हणजे कुठेतरी पातळ आहे. तिथेच टवका उडतो, आणि बहुतेक वेळा प्रॉन्ग (हिरा धरणारी नखी) नेमका त्याच्यावर बसवलेला असतो. प्रत्येक प्रॉन्गच्या दोन्ही कुशींना लूप लावून बघा, गर्डलच्या रेषेत खळगा दिसतो का. टवका घासून काढायला साधारण दोन ते पाच सेंट (सेंट म्हणजे कॅरटचा शंभरावा भाग) वजन जातं. तुमच्याकडे ते पचतं : १.३१ चा १.२६ झाला तरी टप्पा तोच. हेच १.०२ किंवा १.५१ च्या दगडाला झालं, तर तो खालच्या टप्प्यात घसरतो आणि सगळ्या वजनाचा भाव पडतो. म्हणून १.०१, १.५१, २.०१ असले काठावरचे जुने दगड महाग भावाने कधी घेऊ नयेत. क्युलेटही बघा. 'लार्ज' असायला हरकत नाही, पण तो घासलेला, नितळ पैलू हवा. मधला गोल पांढुरका, खडबडीत दिसला तर ते क्युलेट नव्हे, तुटलेलं टोक आहे.

अंगठी. '१०% इरिड प्लॅट' हा शिक्का त्या काळातल्या अमेरिकन कामाशी जुळतो, पण शिक्का म्हणजे पुरावा नव्हे. गॅलरीच्या (हिऱ्याखालच्या जाळीच्या) आतल्या बाजूला लूप लावा. टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं दिसली तर नवं ओतीव काम. जुन्या डाय-स्ट्रक (ठशाने ठोकलेल्या) कामात आतला भागही नितळ असतो, जाळीची भोकं करवतीने कापल्याच्या सरळ रेघा दिसतात, आणि कडेची मिलग्रेनची बारीक मण्यांची ओळ जिथे बोटं लागतात तिथेच झिजलेली असते. सगळीकडे सारखीच बोथट असेल तर साच्यातून निघाली आहे. खालच्या बाजूला पिवळट जोड दिसला तर कुणीतरी सोन्याच्या डाकाने साइज बदलली आहे. चालतं, पण २,६५० ची घडणावळ मागायला तोंड उरत नाही. प्रॉन्गची टोकं सपाट झाली असतील तर नवी टोकं बांधून देणं त्यांच्या खर्चात लिहून घ्या.

टेस्टरबद्दल थोडं. साधा उष्णतेचा टेस्टर हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या मॉइसनाइटलाही हिरा म्हणतो, त्यावर विसंबू नका. लॅबचा दगड पकडणारा स्क्रीनर असेल तर तुमचा के रंगाचा जुना दगड पास व्हायला हवा, कारण असे पिवळसर दगड बहुतेक टाइप वन-ए (नायट्रोजन असलेले) असतात, आणि लॅबमधले पांढरे-फिकट दगड टाइप टू-ए (नायट्रोजन जवळपास नसलेले). उलट डी-ई रंगाचा अस्सल जुना दगड कधी कधी टाइप टू-ए निघतो आणि यंत्र 'पुढे तपासा' असं सांगतं. त्याने घाबरायचं नसतं, जीआयएकडे पाठवायचं असतं.

पावतीवर तीन ओळी मागा : हिरा नैसर्गिक आणि प्रक्रिया न केलेला, रिपोर्टचा नंबर, आणि परत करायची मुदत दिवसांत.

---

झवेरीबाजारनाका

मुंबईत निम्म्यात, हे अर्धसत्य आहे. झवेरी बाजारात किंवा बीकेसीत जुन्या घाटाला अजून म्हणावी तशी वेगळी किंमत नाही. घरातल्या जुन्या कुड्यांचे हिरे मोडायला नेले की भिंगातून यांनी सांगितलेल्या तळाच्याच हिशेबाने भाव सांगतात, म्हणजे घासून काय उरेल त्याचा. त्यामुळे विकणाऱ्याचं नुकसान आणि घेणाऱ्याची सोय, हे खरं. पण तिथे हे दगड सहसा रिपोर्टशिवाय मिळतात, आणि कुड्यांमधले २०-४० सेंटचे. सव्वा कॅरटचा, नीट घडणीचा, कागदासकट मिळाला तर व्यापाऱ्यालाही न्यूयॉर्कचा भाव ठाऊक असतो. रिपोर्ट करून घ्यायचा तर जीआयएची लॅब मुंबईतच आहे. रिपोर्टाआधी "के आहे, व्हीएस आहे" या तोंडी ग्रेडवर पैसे मोजू नका, दोन रंग इकडचे तिकडे सहज होतात. दागिन्यावर ३ टक्के जीएसटी, सुट्या पॉलिश हिऱ्यावर दीड टक्का, आणि अमेरिकेत उतरताना आयातशुल्क वेगळं. सगळं मांडलंत की निम्म्याचं पाऊणपट होतं.

दक्षिणेकडून कुणी 'ब्ल्यू जागर' म्हणून दाखवला तर : नाव दक्षिण आफ्रिकेतल्या यागर्सफाँटेन खाणीवरून पडलं, तिथले निळसर-पांढरे दगड नावाजलेले होते. आज कुठल्याही निळसर जुन्या दगडाला ते चिकटवतात. रिपोर्टवर असला शब्द येत नाही, तेव्हा नावाचे पैसे नाहीत. रंगाचे आणि घडणीचे द्या.

आणि कुठे ईजीएल या दुसऱ्या लॅबचा जुना रिपोर्ट पुढे केला तर त्यावरचा रंग खरा धरू नका. ईजीएलचे दगड रॅपनेट या हिरेव्यापाराच्या साइटने २०१४ पासून यादीत घेणं बंद केलं, ते उगीच नव्हे.

---

भिंगातून

खडीसाखर यांचा आक्षेप मान्य, तळ हा वाईट दगडाचाच. शनिवारी दारापाशी नेऊन पाकळ्या बघितल्यात की तुम्हालाच कळेल ५,००० च्या वर जायचं की खाली.

घासाघीस करताना एकूण रकमेवर "काहीतरी कमी करा" म्हणू नका. सातांची यादी छापून न्या, सेमी-माउंटचे दोन आकडे न्या, आणि "हिऱ्याला एवढे, अंगठीला एवढे" अशी बोली करा. टवका सापडला तर दुरुस्तीचे आणि गेलेल्या वजनाचे वेगळे वजा करा. पाच सेंट म्हणजे तुमच्या भावाने अडीचशे डॉलर.

टॅक्सचं राहिलं. दुकानातून हातात घेतलीत तर न्यूयॉर्क शहराचा ८.८७५ टक्के लागेल, एडिसनला विमा उतरवून पाठवायला सांगितलीत तर न्यू जर्सीचा ६.६२५. नऊ हजार दोनशेवर दोनशे डॉलरांचा फरक. विमा घेताना १४,५०० चं अप्रेझल देऊ नका, हप्ता त्याच आकड्यावर दरवर्षी भरावा लागतो. खरेदीच्या पावतीवरचा आकडा द्या, आणि पॉलिसीत 'ओल्ड युरोपियन कट' हे शब्द मापांसकट लिहून घ्या. नाहीतर अंगठी हरवली की कंपनी १.३१ चा नवा गोल हिरा हातात ठेवेल, आणि कागदावर तिचं काही चुकलेलं नसेल.